सुग्रीवभाऊंचा अभिप्राय

सुग्रीवभाऊंना कुणी "कसं झालं?" असं विचारलं, की आमच्या दूध संस्थेतली माणसं हळूच उठून जायची. कारण ते सांगायचे.

आपण सगळे हा प्रश्न ऐकला की "मस्त झालं" म्हणतो आणि चहाकडं वळतो. सुग्रीवभाऊ थांबायचे. दुधाची नळी उजेडात धरून बघतात तसा डावा डोळा बारीक करायचे, थोडा वेळ घ्यायचे आणि जे असेल ते समोरच्याच्या हातात ठेवायचे. मेव्हणीच्या लग्नात सासऱ्यांनी मोठ्या हौसेनं "जिलेबी कशी झाली जावईबापू?" म्हणून विचारलं, तर भर पंगतीत म्हणाले, "पाक कच्चा राह्यला." सासरे दोन वर्षं बोलले नाहीत. वहिनी हा किस्सा मला सांगायच्या तेव्हा नवऱ्याची तक्रार करतायत की कौतुक, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी त्या संस्थेत लिपिक म्हणून लागले तेव्हा ते टेस्टर होते. पाटोदा तालुक्यातली आमची संस्था लहान. गावातलं दूध सकाळ-संध्याकाळ यायचं, भाऊ त्याची फॅट आणि, पाणी घातलंय का ते कळायला, डिग्री काढायचे, मी लिहून घ्यायचे. उंच, वाळकुडा माणूस. अंगात कायम पांढरा शर्ट आणि त्या शर्टाला पोटाजवळ बारीक बारीक भोकं. फॅट काढायला ॲसिड लागायचं, ते उडून पडलेली. मशीन आल्यावर ॲसिड बंद झालं, तरी शर्ट तेच राहिले. गाव त्यांना 'टेस्टर साहेब' म्हणायचं, मी 'भाऊ' म्हणायचे, आणि ते मला माझ्याहून वयानं मोठे असूनही 'ताई'.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला दारावरचा फलक दाखवला. "वाचा ताई."

मी वाचलं. 'दुध उत्पादक सहकारी संस्था'. दुधाचा दु पहिला, ऱ्हस्व.

"दिसलं का? उद्घाटनाला पावन्यांच्या समोर मी आबासाहेबांना म्हनलो, आपल्या दुधात पानी न्हाई, पर नावात हाय. लई नाराज झाले."

आबासाहेब म्हणजे आमचे चेअरमन. फलक त्यांच्या मेव्हण्यानं रंगवलेला होता. त्यामुळे तो बदलला गेला नाही आणि सुग्रीवभाऊंना बढतीही मिळाली नाही. त्यांना त्याचं फारसं वाटायचं नाही. "मी खोटं कावून बोलू?" एवढंच म्हणायचे. 'कावून'वर जोर द्यायचे. खोटं बोलण्याचं एखादं चांगलं कारण कुणी खरंच सांगितलं तर विचार करू, अशा सुरात.

या माणसाला रॉक संगीताचा नाद होता, हे मला नोकरीला लागल्यावर आठवड्याभरातच कळलं.

सकाळी संकलनाच्या वेळी ते एक जुना टेप लावायचे. त्यातून जे बाहेर यायचं ते ऐकून मला पहिल्यांदा टेप बिघडलाय असं वाटलं. गिटार, ढोल आणि मध्येच कुणीतरी मराठीत ओरडतंय. मी बंद करायला उठले तर भाऊ म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आपले लोक हायेत."

ते 'आपले लोक' म्हणजे पुण्यातला 'खडखडाट' नावाचा बँड. डेअरीचा डिप्लोमा करायला भाऊ दोन वर्षं पुण्याला होते. खोलीशेजारी एका बंगल्याचं गॅरेज होतं, आणि त्यात पाच कॉलेजची पोरं वाजवायची. भाऊंच्या बोलण्याला वर्गातली पोरं हसायची, म्हणून ते संध्याकाळी गॅरेजच्या उंबऱ्यावर जाऊन बसायचे. तिथं बोलावं लागत नव्हतं. एक दिवस त्यातल्या गाणाऱ्या मुलानं, समीर त्याचं नाव, सहज विचारलं, "कसं वाटलं?"

"मी म्हनलो, ढोल लई मोठा हाय. तू काय म्हनतो ते ऐकू येत न्हाई. मला वाटलं आता हाकलून देतेत. तर त्यानं ढोलवाल्याकडं बघितलं, म्हनला, 'बरोबर बोलतोय हा.' अन् ढोल कमी केला, ताई. माझ्या म्हनन्यावर."

हे सांगताना दर वेळी त्यांचा चेहरा बदलायचा. आयुष्यात इतक्या लोकांना इतकी खरी मतं दिली, पण ऐकून कुणी काही बदललं असं तेवढं एकदाच झालं होतं. त्या दिवसापासून आपण त्या बँडचे कुणीतरी आहोत, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. बँडच्या दोनच कॅसेटी निघाल्या. मग पोरं भांडली, पांगली. कुणी नोकरीला लागलं, कुणी परदेशात गेलं. भाऊंनी मात्र पहिली कॅसेट जपली. उन्हाळ्यात पत्र्याखाली टेपची फीत आक्रसते म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ती माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवायचे. पाणी प्यायला आलेला माणूस पिशवी बघून विचारायचा, "दवाई हाय का?" भाऊ म्हणायचे, "व्हय."

मग तो दुष्काळ आला. दोन पावसाळे कोरडे गेले आणि तिसऱ्या वर्षी जानेवारीतच विहिरींचे तळ दिसले. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं, मागं राहिली ती म्हातारी माणसं आणि जनावरं. संस्थेनं माळावर चारा छावणी काढली. बांबू आणि जुन्या साड्यांच्या सावलीत दावणी बांधल्या. माणसं जनावरांपाशीच राहायला आली. दूध जवळजवळ आटलंच होतं, म्हणून चेअरमननी भाऊंना छावणीच्या देखरेखीवर बसवलं आणि मला नोंदींना. संस्थेचा भोंगा, जो फक्त वार्षिक सभेला निघायचा, तो एका बाभळीवर चढवला. टँकर आला, पेंड आली, कुणाची म्हैस सुटली, हे सगळं भाऊ त्यावरून पुकारायचे.

अशात त्यांच्या पुण्याच्या भाचीचा फोन आला. 'खडखडाट'ची पोरं पुन्हा एकत्र आली होती. पोरं कसली, चाळिशीचे बापे. नवीन सीडी काढली होती, नऊ गाण्यांची.

मी भाऊंना नोकरीत पहिल्यांदा रजा मागताना बघितलं. अर्ध्या दिवसाची. भाचीनं सीडी एसटीच्या ड्रायव्हरकडं दिली होती, ती आणायला ते पाटोद्याच्या स्टँडवर गेले. आले ते थेट संस्थेच्या टेस्टिंगच्या खोलीत शिरले आणि दार लावलं. मी बाहेर बसले होते. दारातून धडधड ऐकू येत होती. नऊ गाणी झाली. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

दुसऱ्यांदा संपल्यावर भाऊ बाहेर आले. माठातलं पाणी प्याले.

"कसं वाटलं भाऊ?" मी विचारलं.

ते भिंतीकडं बघत म्हणाले, "चांगलंय."

मी चमकले. सुग्रीवभाऊ कधी नुसतं 'चांगलंय' म्हणत नसत. चांगलं म्हणजे कुठं चांगलं, किती चांगलं, कशामुळं, हे सांगितल्याशिवाय त्यांचं पाऊल हलत नसे. शिवाय ते 'हाय' म्हणणारे गृहस्थ. 'चांगलंय' हा पुण्याचा शब्द त्यांनी बहुतेक सीडीबरोबरच आणला होता.

संध्याकाळी वहिनी डबा घेऊन आल्या तेव्हा मी त्यांना सांगितलं. त्या मोठ्यानं हसल्या. "माज्या बापाला पंगतीत बोलले. अन् या बाप्यांना बोलायला जीभ जड व्हायली व्हय!"

भाऊ सीडीच्या कागदावर मागं बारीक अक्षरात छापलं होतं, ते वाचत बसले. 'ऐका, आणि मनापासून कळवा.' खाली पुण्याचा पत्ता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक नवी वही काढली. मला म्हणाले, "ताई, एकट्याच्या मतावर कळवनं बरं न्हाई. सँपल चार ठिकानचं घ्यावं लागतं."

त्या दिवसापासून रोज दुपारी चारला, चारावाटप झालं की, भोंग्यावरून 'खडखडाट' सुरू झालं. वीज नसली की ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. आणि गाणी संपली की भाऊ वही घेऊन दावणीदावणीनं फिरायचे. कुणीतरी एकजण "लई झ्याक" म्हणेल, मग तेच कळवू, अशी त्यांना आशा असावी. पण भाऊ ज्या गावात इतकी वर्षं खरं बोलत आले होते, ते गाव काही वाया गेलं नव्हतं.

आश्रुबा नावाचे धनगर म्हातारे होते, चार गाई घेऊन आलेले. ते म्हणाले, "गानारा गडी बरा हाय. पर त्याच्या मागं कोन पत्र्यावर दगडं मारायलंय? त्याला आदी तिथून उठवा."

टँकरच्या बबनचं म्हणणं, "गानं लई जोराचं हाय. ऐकलं की पाय आपसूक दाबला जातो. पानी सांडलं तर मी जिम्मेदार न्हाई."

एका बाईनं विचारलं, "मराठीच हाय म्हनता, मंग शब्द आमच्यापासून लपवायलेत कावून?" दुसरीनं बँडचं नाव ऐकलं आणि म्हणाली, "खडखडाट? तो तर आमच्या रांजनात रोजच हाय. त्याला गानं कशाला पायजे?" एकाची म्हैस फक्त चौथ्या गाण्याला दावं तोडायची, बाकीची तिला चालायची. हे भाऊंनी वेगळ्या पानावर लिहिलं.

चेअरमन आबासाहेबांकडं वही नेली तर त्यांनी सवयीनं 'उत्तम उपक्रम' लिहून सही ठोकली. भाऊ म्हणाले, "आबासाहेब, तुमी ऐकलंच न्हाई," आणि त्यांच्यासमोर ते खोडून लिहिलं, 'ऐकले नाही.'

स्वतःचं मत मात्र वहीत नव्हतं. मी विचारलं की म्हणायचे, "चांगलंय की." आणि कामाला लागायचे. दोन आठवडे हे चाललं. त्यांचं वजन कमी झालं, असं वहिनी म्हणत होत्या. मुळात कमी व्हायला होतं काय, हा प्रश्नच होता.

मग एक दिवस सव्वाचारला तहसीलची जीप आली. छावणीची अचानक पाहणी होती. पाचवं गाणं जोरात चालू होतं. साहेब खाली उतरले, धुळीतून थेट बाभळीखाली भाऊंपाशी आले. भाऊंनी गाणं थांबवलं, पण गडबडीत माइक चालू राहिला. त्यामुळं पुढचं सगळं भोंग्यावरून छावणीभर गेलं.

साहेबांचा आवाज आला, "अहो, ही काय छावणी आहे का जत्रा?"

आणि मग भाऊंचा. "छावनी हाय साहेब. जत्रंतलं गानं यापेक्षा बरं आसतं."

साहेबांनी वर भोंग्याकडं बघितलं. मग पहिल्या दावणीला आश्रुबा हसले, मग दुसरी दावण हसली आणि बघता बघता सगळा माळ हसायला लागला. साहेबही ओठ दाबून दुसरीकडं बघायला लागले. भाऊ मात्र पांढरेफटक पडले होते. जीपमागोमाग आलेल्या चेअरमनना वाटलं साहेबांना घाबरले. मला दिसत होतं की तसं नव्हतं. दोन आठवडे गिळून ठेवलेलं मत एकदम तोंडातून निसटलं होतं आणि ते त्यांनी स्वतःच भोंग्यावरून ऐकलं होतं.

साहेबांनी जनावरं मोजली, चारा बघितला, सगळं नीट होतं, निघून गेले. पण आबासाहेबांना ते लागलं. त्यांनी भाऊंना कारणे दाखवा नोटीस काढली. ती टाइप मीच केली. दोन दिवसांनी संचालक मंडळाची बैठक छावणीतच भरली. आबासाहेब तसे मनानं वाईट नव्हते. त्यांनी वाट काढून ठेवली होती. "सुग्रीवराव, भोंग्याची यंत्रना तपासायला गानं लावलतं, आसं लिवून द्या. संपला इषय."

"यंत्रना चांगली हाय. मी गानी लावली."

"आरे पर लिवायला काय जातंय?"

"मी खोटं कावून बोलू?"

बबन टँकरवाला मागं उभा होता. तो कपाळावर हात मारून म्हणाला, "घ्या आता. गेली नोकरी."

त्यावर केवळबाई उठल्या. दोन म्हशी आणि एक बैल घेऊन आलेली साठीची बाई. नवरा वारलेला. छावणीत आल्यापासून कुणाशी फारशा बोलत नसत. त्या पदर सावरत संचालकांना म्हणाल्या, "गानं बंद करू नका. दिसभर म्हशीचं त्वांड बघून जीव इटतो. चार वाजता नावं ठिवायला कायतरी लागतं की नको?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. संस्थेच्या इतिहासात सभासदांचं इतकं एकमत आधी कधी झालं नव्हतं. आबासाहेबांनी नोटीस खिशात घातली आणि ठरलं, की चार ते साडेचार, आवाज बेतानं.

बैठक मोडल्यावर केवळबाई भाऊंपाशी आल्या. "टेस्टर साहेब, ते सातवं लावा की. ढोल न्हाई ते."

भाऊ गोंधळले. सातव्या गाण्याकडं त्यांचं लक्षच नव्हतं. त्यात ओरडणं नव्हतं, दणका नव्हता, म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी मनातून ते काढून टाकलं होतं. एकटी गिटार आणि समीरचा थकलेला आवाज. एक माणूस बऱ्याच वर्षांनी आपल्या गावाच्या फाट्यावर उतरतो. समोर घर दिसतं. तो तिथल्या टपरीवर चहा पितो, आणखी एक पितो आणि परतीच्या गाडीत बसतो. एवढंच गाणं.

भाऊंनी ते लावलं. केवळबाई बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. संपलं, तशी म्हणाल्या, "फिरून लावा." तीनदा लावलं.

"काय कळलं मावशी?" भाऊंनी वही न काढता विचारलं.

"काय कळायचं. त्याला घरला जायचंय. पर लाज वाटायली." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "आमचा ग्यानू गेलाय. बापासंगं भांडला, हात उचलला बापावर. त्याच दिशी गेला कोयता घिऊन ऊस तोडाया. बाप मेला तरी आला न्हाई. तो तिकडं कर्नाटकात हाय म्हनतेत लोक. तोबी आसाच फाट्यापतोर येऊन जात आसंल का, साहेब?"

एवढं बोलून त्या म्हशींकडं गेल्या. भाऊ बाभळीखाली बसून राहिले. मग मला म्हणाले, "ताई, मी गाडव हाय. पोरं पुन्ना पयल्यासारखी कवा वाजवतेत याची वाट बघत बसलो. हा गडी काय गायलाय ते ऐकलंच न्हाई मी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्र सांगितलं, मी लिहिलं. आधी छावणीतल्या सगळ्यांचे अभिप्राय, जसेच्या तसे, म्हशीच्या मतासकट. मग म्हणाले, "आता माझं लिवा. 'तुमची आठ गानी मला आवडली न्हाईत.'"

"भाऊ, जरा मऊ लिहू का?"

"मऊ कशाला? 'तुमी पुन्ना इशीतले होऊन ओरडायला बघितलं. ते तुमाला आता झेपत न्हाई आन शोभतबी न्हाई. पयल्या कॅसेटीत तुमचा आवाज फाटला तर तुमी तो तसाच ठिवला व्हता, आता सगळं घासूनपुसून टाकलं. सातवं गानं मात्र खरं हाय. ते मला कळलं नव्हतं. आमच्या छावनीतल्या केवळबाईंनी कळवलं. त्यांचं म्हननं आसं की त्या मानसाला घरी जायचं हाय पर लाज वाटती.' लिवलं? आता खाली लिवा, 'चूकभूल माफ आसावी.' न्हाई, ते खोडा. मी चुकलेलो न्हाई."

मी 'आपला नम्र' लिहिलं. त्याला त्यांनी हरकत घेतली नाही.

पत्र टाकून आल्यावर ते छावणीत इतक्या मोकळेपणानं फिरत होते की आश्रुबांनी विचारलं, "काय साहेब, पगार वाढला का?"

तीन आठवड्यांनी, दुपारी बारा-एकच्या सुमाराला, पत्रावर दिलेल्या संस्थेच्या मोबाइलवर फोन आला. मी उचलला. पलीकडं समीर होता. मी धावत जाऊन भाऊंना बोलावलं. ते आले, शर्टाची बटणं लावली आणि मग फोन कानाला लावला. "हां... हां जी... सुग्रीव बोलतोय. गॅरेजच्या उंबऱ्यावर बसायचो, डेअरीवाला. ढोल कमी करा म्हनलो व्हतो तो... न्हाई आठवत? बरं. बरं. आसू द्या."

इतकी वर्षं सांगितलेली गोष्ट होती ती. मला त्यांच्याकडं बघवेना. पण त्यांनी फोनवर हात ठेवला आणि मला अगदी सरळ सांगितलं, "त्यानं वळखलं न्हाई." मग पुन्हा ऐकायला लागले. त्यांचा डावा डोळा बारीक झाला. "हां. हायेत की. थांबा, बोलावतो."

समीरला केवळबाईंशी बोलायचं होतं.

केवळबाईंनी येऊन हात धुतले, पदराला पुसले आणि फोन उलटा धरला. भाऊंनी सरळ करून दिला. त्या इतक्या मोठ्यानं बोलल्या, की पलीकडचं आम्हाला ऐकू आलं नाही तरी सगळं समजलं.

"जेवलास का बाबा?... मंग जेव की, दुपार झाली... हां, मीच सांगितलं... मंग, तू गेलास का घरला?"

बराच वेळ त्या नुसत्या ऐकत होत्या. मग आमच्याकडं वळून म्हणाल्या, "न्हाई म्हनतोय."

पुन्हा फोनमध्ये. "कावून न्हाई? आई हाय का?... हाय ना? मंग चहा कशाला पितो फाट्यावर? घरी पी. ती काय इचारनार न्हाई तुला. कोन इचारतंय? लेकरू दारात आल्यावर कुनी इचारत आसतं का, एवढे दिवस कुठं व्हतास म्हनून? ताट करतेत आदी... रडू नको. ये बाबा, रडू नको. गानं चांगलं हाय तुझं. बाकीची तेवढी कमी कर."

फोन तसाच भाऊंच्या हातात देऊन त्या म्हशींना पाणी दाखवायला गेल्या. भाऊंनी कानाला लावला, पण पलीकडून नुसतं रडणं येत असावं. ते म्हणाले, "हां. हां. सावकाश," आणि फोन कानाला धरून बाभळीखाली उभे राहिले. बराच वेळ. 

जुलैत पाऊस झाला, छावणी उठली. दिवाळीच्या आधी समीरचा पुन्हा फोन आला. म्हणाला, "मावशींना सांगा, जाऊन आलो." भाऊ स्वतः चालत केवळबाईंच्या शेतात जाऊन सांगून आले. त्या म्हणाल्या, "बरं झालं. माय बरी हाय का त्याची?" ते विचारायचं भाऊंच्या लक्षात आलं नव्हतं, त्यामुळं बोलणी खाल्ली. केवळबाईंचा ग्यानू त्या वर्षी आला नाही. पुढच्या वर्षीही नाही. त्यानंतर त्या मुलीकडं सिरसाळ्याला गेल्या आणि मला पुढचं कळलं नाही.

आमची संस्था काही वर्षांनी एका मोठ्या संघात गेली. मी बदली घेऊन बीडला आले. भाऊंना माजलगावच्या शीतकरण केंद्रात पाठवलं. तिथं त्यांची खुर्ची कॉम्प्रेसरच्या खोलीला लागून होती. दिवसरात्र घरघर. वहिनी फोनवर सांगायच्या, "यांना ऐकू यायचं कमी झालंय. मशीन घ्या म्हनलं कानाचं, तर दुकानातच डॉक्टरला म्हनले, याचा आवाज डब्यातून येतोय. न्हाई घेतलं." पुढं पुढं भाऊ फोनवर यायचेच बंद झाले. वहिनीच माझं त्यांना आणि त्यांचं मला सांगायच्या.

मागच्या वैशाखात मी एका लग्नाला एसटीनं माजलगावला चालले होते. गावात शिरताना गाडी अडकली. पुढं कुणाची तरी वरात होती. एका ट्रकवर माणसाच्या उंचीचे स्पीकर रचलेले, आणि असा दणका की गाडीच्या काचा थरथरत होत्या. गाडीतल्या बायकांनी कानांवर पदर धरले, कंडक्टर शिव्या देत होता, रस्त्यावरची माणसं लांबून चालली होती.

एक उंच, वाळकुडा माणूस तेवढा ट्रकला चिकटून चालत होता. अंगात पांढरा शर्ट. स्पीकरच्या लाकडावर त्यानं दोन्ही तळवे सपाट ठेवले होते, डोळे मिटले होते, आणि ट्रक सरकेल तसा तोही आडवी पावलं टाकत सरकत होता. मी खिडकीची काच सरकवली आणि "भाऊ!" म्हणून ओरडले. माझं मलाच ऐकू आलं नाही.

वरात वळणावर थांबली. भाऊंनी डोळे उघडले, तळवे काढले आणि जराशानं मान हलवली. मग ट्रकवरच्या डीजेवाल्याला बोटानं खाली बोलावलं. तो वाकला. भाऊ त्याच्या कानाशी तोंड नेऊन, हातवारे करत, त्याला सविस्तर काहीतरी सांगायला लागले. आमच्या गाडीला वाट मिळाली आणि ती पुढं निघाली. मी वळून बघितलं, तर ते अजून सांगतच होते, आणि तो डीजेवाला, हात बटणावर तसाच ठेवून, ऐकत होता.